महाधमनीचा फुगवटा: पोट उघडायचं की स्टेंट, आणि कुठल्या इस्पितळात?

बाबांची सोनोग्राफी प्रोस्टेटसाठी केली होती. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयातून निघणारी सर्वांत मोठी रक्तवाहिनी, ५.८ सेंटिमीटर फुगल्याचं निघालं. दुखत काहीच नव्हतं. पुरुषांत साधारण ५.५ आणि बायकांत ५ सेंटिमीटरला शस्त्रक्रियेचा विचार करतात, त्याखाली ठरावीक काळाने मोजत राहतात. धमनी फुटली तर दहातले आठ जण दगावतात, बरेचसे इस्पितळात पोचायच्या आधीच. त्यामुळे ‘दुखत नाही तर कशाला कापायचं’ हा वाद आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात दोन दिवसांत मिटला. उरलं ते कसं आणि कुठे.

पोट उघडून फुगलेल्या भागात कृत्रिम नळी शिवतात, ती जुनी पद्धत. आठवडाभर तरी इस्पितळात, पूर्ववत व्हायला दोन-तीन महिने. दुसरीत जांघेतल्या धमनीतून स्टेंट ग्राफ्ट, म्हणजे जाळीवर कापड चढवलेली नळी, आत सरकवतात आणि दोन-तीन दिवसांत माणूस घरी येतो. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू पोट उघडल्यावर ४.७ टक्के, स्टेंटनंतर १.७ टक्के होते. पण ही आघाडी काही वर्षांत पुसली गेली. आठ वर्षांनंतर तर स्टेंटवाल्यांतच मृत्यू जास्त दिसले, कारण ग्राफ्टच्या कडेने रक्त झिरपून फुगवटा पुन्हा वाढून फुटू शकतो. म्हणून स्टेंट घेतला की दरवर्षी तपासणी आलीच. माझं मत असं: साठीतल्या, हृदय-फुप्फुसं धड असलेल्या माणसाने पोट उघडण्याचा पर्याय मनातून काढू नये. सत्तरीपुढचा, दमेकरी असेल तर स्टेंट. अर्थात धमनीचा आकार स्टेंटला जुळतो का, हे सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) ठरवतो.

आम्ही आठवडाभर एवढंच चघळत बसलो होतो. खरा फरक दुसरीकडे होता.

अमेरिकेत २००९ साली ८४ हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात फक्त महाधमनीच्या नव्हे, पोटाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या सगळ्याच मोठ्या शस्त्रक्रिया होत्या. सर्वांत कमी मृत्यू असलेल्या इस्पितळांत गुंतागुंत २६.९ टक्क्यांना झाली, सर्वांत जास्त मृत्यू असलेल्यांत २४.६ टक्क्यांना. म्हणजे जवळपास सारखीच! पण गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी चांगल्या ठिकाणी १२.५ टक्के गेले, वाईट ठिकाणी २१.४ टक्के. संकट सगळीकडे येतं, वाचवणं सगळीकडे सारखं नसतं.

वाचवणं म्हणजे काय, तर एक उदाहरण. पोट उघडून ग्राफ्ट बसवताना मोठ्या आतड्याला जाणारी एक धमनी बऱ्याचदा बंद होते. एखाद्याचं आतडं रक्ताविना काळं पडू लागतं. पहिली खूण साधीच असते: दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्ताळलेली पातळ शौच. रात्रीच्या नर्सने ती ओळखली, डॉक्टरांना उठवलं आणि तासाभरात दुर्बीण घालून आतडं पाहिलं, तर माणूस वाचू शकतो. सकाळच्या राउंडपर्यंत थांबलं, तर फार उशीर झालेला असू शकतो. लघवी कमी होणं, पाय थंड पडणं, यांचंही तेच.

म्हणून बांबोळीचं गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) असो, पणजी-मडगावचं खासगी असो, चोर्ला घाटापलीकडचं बेळगाव असो की मुंबई, प्रश्न तेच विचारा. वर्षाला अशा किती केसेस होतात? रात्री दोन वाजता रक्तवाहिन्यांचा सर्जन किती मिनिटांत येतो? आयसीयूत एका नर्सकडे किती रुग्ण? डायलिसिस आणि रक्तपेढी तिथेच आहे का? दीनदयाळ कार्डावर (गोवा सरकारच्या आरोग्य विम्यावर) काय बसतं तेही विचारा, पण या प्रश्नांनंतर.

दूरच्या इस्पितळात केसेस जास्त असतील, तर पहिल्या दहा दिवसांसाठी तेच सरस. पण घरी आल्यावर ताप आला, जांघ सुजली, तर पावसात घाट चढणार का? दूर जायचं तर इथल्या एका सर्जनला आधीच दाखवून ठेवा. सीटीची सीडी आणि ग्राफ्टचं कार्ड घरात हाताशी ठेवा.

तारीख आपल्या हातात असते, हा या शस्त्रक्रियेचा मोठा आधार. आम्हाला चवथीच्या आदल्या दिवसाची मिळत होती. सणात रात्रीला माणसं कमी असतील म्हणून ती सोडून पुढच्या आठवड्यातला मंगळवार घेतला, आणि मधल्या दिवसांत बाबांची विडी बंद ठेवली.