पाणी की सॉल्व्हंट: फ्लक्स धुण्याची पद्धत निवडताना

फ्लक्स म्हणजे इलेक्ट्रॉनिक बोर्डावर सोल्डर नीट धरावं म्हणून वापरलेलं रसायन; त्यातला नो-क्लीन प्रकार न धुता ठेवण्यासाठीच असतो. तरी नो-क्लीन फ्लक्सचा बोर्डही धुवायचाच, असं एकदा ठरलं (बोर्डावर कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे संरक्षक लेप, असेल तर बहुतेक वेळा ठरतंच) की आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), व्हेपर डिग्रीझर (सॉल्व्हंटच्या वाफेने धुणारं यंत्र) आणि रसायन मिसळलेल्या पाण्याचा स्प्रे असे तीन मार्ग उरतात.

आयपीए आणि ब्रश रिवर्कच्या (दुरुस्तीच्या) टेबलापुरते ठीक. उत्पादनात मात्र फ्लक्स निघण्यापेक्षा पसरतोच जास्त. फ्लॅश पॉइंट साधारण 12 अंश सेल्सिअस, म्हणजे गरम करून जोर वाढवण्याची सोयही नाही.

खरी चुरस उरलेल्या दोघांत. व्हेपर डिग्रीझरमधून बोर्ड कोरडा बाहेर येतो, ओव्हन लागत नाही. त्यात वापरल्या जाणाऱ्या एचएफई (हायड्रोफ्लुओरोइथर) वर्गातल्या सॉल्व्हंटचा पृष्ठताण 14 मिलिन्यूटन प्रतिमीटरच्या आसपास, साध्या पाण्याचा 72. क्यूएफएनखालच्या (ही बाहेर पाय नसलेली, बोर्डाला जवळजवळ टेकलेली चिप) 25 ते 50 मायक्रॉनच्या फटीत कोण सहज शिरेल हे उघड आहे. नुसत्या एचएफईत रोझिन (फ्लक्समधली राळ) फारसं विरघळत नाही, म्हणून त्यात ट्रान्स-डायक्लोरोइथिलीन मिसळतात. ते पॉलिकार्बोनेटचे भाग आणि काही लेबलांची शाई खराब करतं. पुरवठ्याचाही विचार करावा. 3एमने डिसेंबर 2022 मध्ये जाहीर केलं की 2025 अखेर पीफास (सहज विघटन न होणाऱ्या फ्लोरिनयुक्त) रसायनांच्या उत्पादनातून बाहेर पडणार, आणि बरीच एचएफई त्यातच मोडतात.

तरीही माझं मत सॉल्व्हंटपासून फिरलं ते धुतल्यावर बोर्डावर उरणाऱ्या पांढऱ्या झाकेमुळे. फ्लक्सच्या अवशेषात दोन गोष्टी असतात: रोझिन किंवा रेझिन, आणि त्यात कोंडलेले ॲक्टिव्हेटर (धातूवरचा ऑक्साइड काढणारे घटक) व धातूंचे क्षार. सॉल्व्हंट रोझिन झटकन नेतं, क्षार जागेवर उघडे टाकतं. मिश्रणात अल्कोहोल असेल तर झाक कमी होते, पण पूर्ण जाईलच असं नाही. आधी रोझिनच्या कवचात गप्प बसलेले हे क्षार आता हवेतली ओल धरतात. वर व्होल्टेज असलं की गळती करंट आणि डेंड्राइट (शॉर्ट करू शकणारे धातूचे बारीक तंतू). अर्धवट धुतलेला नो-क्लीन बोर्ड न धुतलेल्यापेक्षा वाईट, तो यामुळे. आयपीएची झाकही याच जातीची.

पाणी क्षार विरघळवतं. रोझिनसाठी त्यात 10 ते 15 टक्के रसायन आणि 55 ते 65 अंश तापमान लागतं. पृष्ठताणही मग 30च्या आसपास उतरतो. त्रास पुढे आहे. क्यूएफएनखाली शिरलेलं रसायन तिथेच राहिलं तर ते स्वतःच वीजवाहक. म्हणून धुण्यापेक्षा डीआय (आयन काढलेल्या) पाण्याच्या रिन्सला जास्त वेळ द्यावा आणि शेवटच्या टाकीची वाहकता सतत बघावी. नंतर एअर नाइफ (पाणी उडवणारा हवेचा पातळ झोत) आणि 80 ते 100 अंशांचा ओव्हन. फट फारच कमी असेल तर डिझाइनमध्येच त्या भागाखालचं सोल्डर मास्क (बोर्डावरचा संरक्षक थर) काढून टाकावं, म्हणजे फट वाढते. रसायनाचा पीएच 10-11 असेल तर ॲल्युमिनियमचे हीटसिंक काळवंडतात. तिथे न्यूट्रल पीएचचं रसायन घ्यावं.

ही यादी लांब आहे, मान्य. पण यातलं जवळपास सगळं नोझल, वेळ, तापमान यांनी सुधारता येतं. सॉल्व्हंटची अडचण विद्राव्यतेची; यंत्र कितीही जुळवलं तरी ती फारशी हलत नाही. म्हणून माझा कल पाण्याकडे. उघडे रिले, ट्रान्सफॉर्मर किंवा पाणी अडकून राहील असे भाग असतील तर मात्र सॉल्व्हंट बरं, आणि पोर्ट (आवाजाचं छिद्र) उघडा असलेला मेम्स मायक्रोफोन (चिपच्या आकाराचा) दोन्हींपासून लांब ठेवावा.

निवड पक्की करण्याआधी नुसत्या रोझ चाचणीवर (बोर्डावरून द्रावणात सुटलेल्या आयनांचं मोजमाप) विसंबू नये. तिचं 75 टक्के आयपीए आणि 25 टक्के पाण्याचं द्रावण बसक्या भागांखाली नीट पोचत नाही, आणि जे सुटतं त्याची सरासरी पूर्ण बोर्डाच्या क्षेत्रफळावर निघते. एका क्यूएफएनखालची घाण त्यात सहज लपते. दोन्ही पद्धतींनी दोन-दोन बोर्ड धुवावेत, सर्वांत मोठा क्यूएफएन उष्णता न देता उचकटून काढावा, आणि मधल्या थर्मल पॅडच्या कडेला 40 पट भिंगाखाली बघावं.