परसातली जास्तीची भाजी आणि अँपल हार्वेस्ट

न्यू जर्सीत परसबाग करणाऱ्यांना ऑगस्ट कसा असतो ते सांगायला नको. टोमॅटो रोज टोपलीभर निघतात, भेंडी एक दिवस तोडायची राहिली की निबर, आणि दुधी पानाआड लपून हाताएवढा झालेला. शेजारी, मैत्रिणी, देवळातल्या ओळखीच्या, सगळ्यांना देऊनही भाजी उरतेच. आणि त्याच गावात भाडं भरून हातात काही न उरणारी कुटुंबं फूड पँट्रीतून, म्हणजे गरजूंना फुकट अन्न वाटणाऱ्या केंद्रातून, डबाबंद घेवडा घरी नेतात. मला हे फार लागतं.

ही दोन टोकं जोडायचं काम अँपल हार्वेस्ट डॉट ऑर्ग ही संस्था करते, आणि फुकट करते. वेस्ट मिलफर्डच्या गॅरी ओपनहायमर यांनी २००९ मध्ये ती सुरू केली. त्यांच्या सामुदायिक बागेत भाजी वाया जात होती आणि ती घेणारी जवळपासची पँट्री इंटरनेटवर सापडत नव्हती. आता झिप कोड टाकला की आसपासच्या पँट्र्या दिसतात आणि ताजी भाजी कोणत्या वारी, किती वाजता घेतात तेही कळतं. माझ्या मते ही वेळच सगळ्यात मोलाची. चर्चच्या तळघरात चालणाऱ्या छोट्या पँट्रीकडे मोठा फ्रिज कुठून असणार? वाटपाच्या दिवशी सकाळी भाजी पोचली तर ती त्याच दिवशी कुणाच्या तरी चुलीवर चढते.

आमच्या ह्यांना काळजी होती, आपली भाजी खाऊन कुणी आजारी पडलं तर? त्यासाठी १९९६ चा बिल इमर्सन कायदा आहे. चांगल्या हेतूने संस्थेला अन्न देणाऱ्याला तो संरक्षण देतो, घरच्या बागेतून देणाऱ्यालाही.

काय न्यावं हे मात्र आपलं आपण ठरवायचं. मेथी दुपारपर्यंत माना टाकते, म्हणून ती मी नेत नाही. टोमॅटो, काकडी, ढोबळी मिरची, वांगी छान टिकतात. हिरव्या मिरच्या मेक्सिकन बायका आनंदाने घेतात. दुधी मी फक्त आपली माणसं येतात त्याच पँट्रीत देते. तिथे एका गुजराती आजींनी तो हातात घेऊन नखाने कोवळा आहे का ते पाहिलं, तेव्हा मला फार बरं वाटलं.

उणिवा दोन. पँट्र्या आपली माहिती स्वतःच भरतात, त्यामुळे निघण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्यावी. आणि भाजी न्यायला कुणी घरी येत नाही. गाडी न चालवणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांसाठी, जे बागेत सगळ्यात जास्त राबतात, ही मोठी अडचण आहे. गल्लीतल्या दोन-तीन घरांनी मिळून एकाच्या गाडीतून भाजी पाठवावी, असं मी सुचवेन.

अलास्कातल्या अँकरेजमध्ये जेफ लोवेनफेल्स यांनी वर्तमानपत्रातल्या बागकामाच्या सदरातून वाचकांना भुकेल्यांसाठी एक ओळ जास्त लावायला सांगितलं होतं. १९९५ पासून ती मोहीम देशभर पसरली. मीही आता उरेल ते देण्यावर थांबत नाही, कुंपणाकडची टोमॅटोची एक ओळ पँट्रीसाठीच लावते. हरणांपासून राखायची जाळी तिलाच आधी बांधते.

पाचपैकी साडेचार तारे. मे महिन्यात रोपं लावण्याआधीच तुमच्या पँट्रीचा वार शोधून ठेवा.