हिरवी खूण होती, संरक्षण नव्हतं

दादाच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. विंडोजसोबत येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस चालू होता, अपडेट झालेला होता आणि त्याची काही तक्रारही नव्हती. तरीही एका भामट्याने फोनवर बोलता बोलता दादाला व्हायरस ‘दाखवला’, डिफेंडर बंद असल्याचं ‘दाखवलं’ आणि पैसे काढून घेतले. जाताना त्याने एक खोडी करून ठेवली होती. हे लिहायला बसलो ते मुख्यतः त्या खोडीसाठी, कारण ज्यांना ज्यांना विचारलं त्यांच्यातल्या बहुतेकांनी ती जिथे केली होती तो सेटिंगचा पडदा कधी उघडूनसुद्धा पाहिलेला नव्हता.

सुरुवात ठरलेलीच. साधीशी एक साइट उघडताना ब्राउझर पडदाभर पसरला. मायक्रोसॉफ्टचं चिन्ह, लाल अक्षरं, भोंगा, आणि ‘कॉम्प्युटर बंद करू नका, माहिती पुसली जाईल’ असं सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज. खाली मोठ्ठा फोन नंबर. हे सगळं म्हणजे एक वेबपेज असतं, दुसरं काही नाही. एस्केप दाबून धरली की पडदा सुटतो. नाहीच सुटला तर कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून टास्क मॅनेजर उघडायचा आणि ब्राउझरच बंद करायचा. पुन्हा उघडल्यावर ‘आधीची पानं परत आणू का?’ असं विचारलं तर नको म्हणायचं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो, हे मायक्रोसॉफ्ट स्वतः कितीदा सांगत आलंय.

नंबर लावल्यावर पलीकडचा माणूस अत्यंत अदबीने बोलत होता. त्याने दूरून ताबा घ्यायचा एक प्रोग्राम उतरवून घ्यायला लावला आणि मग खरा तमाशा सुरू झाला. आधी इव्हेंट व्ह्यूअर. ‘सर, हे लाल किती आहेत बघा, मोजता येणार नाहीत.’ ती विंडोजची रोजनिशी आहे. एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, प्रिंटर सापडला नाही, तरी तिथे लाल खूण पडते. कालपरवा घेतलेल्या कॉम्प्युटरवरही त्या ढिगाने सापडतील. मग काळी खिडकी उघडून त्याने ‘ट्री’ ही कमांड दिली. ती फक्त फोल्डरांची यादी छापते. यादी धडाधड सरकत असताना त्याने मागच्या मागे ‘व्हायरस सापडला’ असं इंग्रजीत टाइप करून ठेवलं. यादी संपली आणि ते शब्द खाली उमटले, जणू कॉम्प्युटरनेच निकाल दिला.

त्यानंतर दुसरी कमांड, आणि ८८८ने सुरू होणारा एक लांबलचक आकडा. ‘हा तुमचा खास परवाना क्रमांक, आमच्या नोंदीशी जुळवून बघा.’ त्याने वाचला, दादाने पडद्यावर पाहिला, जुळला. जुळणारच! तो आकडा विंडोजच्या एका फाइलप्रकाराचा आहे, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एकच. मी माझ्याकडे काढून पाहिला, तोच निघाला.

आता डिफेंडरकडे येतो. दादा कार्ड आणायला कपाटाकडे गेला तेवढ्यात त्या माणसाने विंडोज सिक्युरिटी, म्हणजे डिफेंडरच्या सेटिंग्जचं ॲप, उघडून रिअल-टाइम प्रोटेक्शनचं, म्हणजे फाइल येताक्षणी तपासायचं, बटण बंद केलं. विंडोजने परवानगी मागितली असणार, कारण ‘सर, एक यस दाबा ना’ असं तो मध्येच म्हणाल्याचं दादाला आठवतं. मग तोच पडदा समोर धरून विचारतो, ‘हे कधीपासून बंद ठेवलंय तुम्ही?’ स्वतःच केलेली गोष्ट दुसऱ्याच्या माथी मारायची ही तऱ्हा मला आजही चीड आणते.

पैसे घेऊन त्याने ‘आयुष्यभराचं’ अँटिव्हायरस बसवलं. ते काय होतं? डेस्कटॉपवर ढालीचं चित्र, आणि उघडलं की कचरा फाइली पुसणारा फुकट मिळतो तसला एक प्रोग्राम. हे ओळखायची सोपी खूण आहे. खरं दुसरं अँटिव्हायरस बसवलं की डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो आणि त्या अँटिव्हायरसचं नाव विंडोज सिक्युरिटीत दिसतं. सेटिंग्जमध्ये ‘मॅनेज प्रोव्हायडर्स’ म्हणून जागा आहे, तिथे यादीच असते. आमच्या यादीत डिफेंडरशिवाय कुणीच नव्हतं. आणि डिफेंडरचं म्हणाल तर विंडोज ८ आलं, म्हणजे २०१२पासून, तो पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच असतो. त्याची वर्गणी नसते, नूतनीकरण नसतं, त्यामुळे त्यासाठी कुणाचा फोन यायचं कारणच नाही.

कार्ड त्याच दिवशी बंद केलं, ते वहिनीमुळे. तिने बँकेचा मेसेज पाहिला आणि सरळ बँकेला फोन लावला. पासवर्ड तिने आपल्या मोबाइलवरून बदलले, त्या कॉम्प्युटरवरून नाही. गेलेले पैसे परत आले नाहीत.

नंतर मी कॉम्प्युटर पाहिला. विंडोज सिक्युरिटीत सगळीकडे हिरव्या खुणा. दादा म्हणाला, ‘अरे, फुल स्कॅनसुद्धा केला मी. काही निघालं नाही. आणि पटकन झाला.’

हे ‘पटकन’ मला खटकलं. फुल स्कॅन रेंगाळतो, सगळी डिस्क चाळायची असते. म्हणून व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मग मॅनेज सेटिंग्ज, आणि थेट तळाशी गेलो. तिथे ‘एक्सक्लूजन्स’ असतं, म्हणजे डिफेंडरने काय तपासायचं नाही त्याची यादी. यादीत एक फोल्डर होता: अख्खा सी ड्राइव्ह, म्हणजे विंडोज जिथे असतं ती डिस्कच. रखवालदाराला पगार देऊन वाड्याकडे पाठ करून बसवावं, तसा प्रकार.

बटण बंद करण्यापेक्षा हे जास्त वाईट आहे. रिअल-टाइमचं बटण बंद केलं तर पडदा लाल होतो आणि थोड्या वेळाने विंडोज ते स्वतःच चालू करतं. एक्सक्लूजन मात्र तुम्ही काढेपर्यंत तसंच राहतं, आणि वर खूण हिरवीच. २०१९मध्ये आलेलं टॅम्पर प्रोटेक्शन दादाकडे चालू होतं. दुसऱ्या प्रोग्रामने डिफेंडर परस्पर बंद करू नये म्हणून ते असतं. ॲडमिनच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या, खात्यातून माणूसच क्लिक करत असेल तर ते काय करणार? घरच्या कॉम्प्युटरवर एक्सक्लूजन घालायला ते आडवं येत नाही.

खात्री करायला मी आयकार नावाची चाचणी फाइल बनवली. ६८ अक्षरांची एक ओळ, पूर्ण निरुपद्रवी, पण जवळपास सगळी अँटिव्हायरस तिला ठरवून व्हायरस समजतात. नोटपॅडमध्ये टाइप करून डेस्कटॉपवर ठेवली. ढिम्म. ती एक्सक्लूजनची नोंद काढून तीच फाइल पुन्हा ठेवली, तर सेव्ह करताच कोपऱ्यातून इशारा आला आणि फाइल गायब.

मग फुल स्कॅन, त्यानंतर ऑफलाइन स्कॅन, जो कॉम्प्युटर रीस्टार्ट करून विंडोज सुरू व्हायच्या आधी चालतो आणि साधारण पाव तास घेतो. ताबा घेणारा प्रोग्राम मात्र यातल्या कशानेच पकडला नाही. तो तसा कायदेशीर प्रोग्राम, पुष्कळ ऑफिसांत रोज वापरतात, त्यामुळे डिफेंडरचा त्याला आक्षेप नसतो. इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी तारखेने लावली तेव्हा त्या दिवशीचे असे दोन निघाले. त्यातला दुसरा तर कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप चालू होणारा. दोन्ही हाताने काढले.

एक्सक्लूजनमध्ये काही दिसलं म्हणजे घात झालाच असं नाही. प्रोग्रामिंग करणारे वेगासाठी आपले फोल्डर तिथे घालतात. पण अख्खा ड्राइव्ह, डाउनलोड्स, टेम्प (तात्पुरत्या फाइलींचा फोल्डर) किंवा .ईएक्सई हा प्रोग्रामचा फाइलप्रकार दिसला तर तो कुणी घातला ते शोधा. घरच्या कॉम्प्युटरवर ‘ही सेटिंग तुमचा ॲडमिनिस्ट्रेटर सांभाळतो’ असं लिहून बटणं फिकी झाली असतील तरी तेच करा. दादा आता रोजचं काम साध्या खात्यातून करतो, ॲडमिनचा पासवर्ड वेगळा आहे. त्यामुळे नुसत्या ‘यस’ने काही हलत नाही.

मध्यंतरी पुन्हा फोन आला. या वेळी आवाज बाईचा: कंपनी बंद होतेय, तुमचे पैसे परत करायचे आहेत, फक्त बँकेची साइट उघडून ठेवा. हा याच धंद्याचा दुसरा हप्ता. ताबा घेऊन ब्राउझरमध्ये दिसणारा शिल्लकेचा आकडा बदलतात, ‘चुकून जास्त जमा झाले’ म्हणत रडतात आणि फरक परत मागतात. एकदा पैसे दिलेल्यांचे नंबर ते जपून ठेवतात, तेव्हा ज्यांच्या घरी पहिला प्रकार घडलाय त्यांनी हा फोन येईल असं धरूनच चालावं. दादाने तिचं बोलणं पुरं होऊ दिलं नाही.