नाशिकच्या हवेत डबल बेसवर स्लॅप: वर्षभर तारा बदलून पाहिल्यावर

डबल बेस म्हणजे उभं धरून वाजवायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य. त्यावर स्लॅप वाजवायचं असेल, म्हणजे तार ओढून फिंगरबोर्डवर (तारांखालच्या लाकडी पट्टीवर) 'टक' अशी आपटायची असेल, तर स्टीलच्या तारा उतरवा. मागच्या दिवाळीपासून एकाच बेसवर स्टील, आतडं (जनावराच्या आतड्यापासून केलेली तार) आणि नायलॉन असे तिन्ही प्रकार लावून वाजवल्यावर माझं हे मत पक्कं झालंय.

स्टील वाईट नाही. स्पिरोकोर नावाच्या स्टीलच्या तारा लावून जॅझ वाजवा, खालच्या तारा काय सुंदर गुरगुरतात! पण स्लॅपमध्ये तो लांबणारा सूरच आड येतो. पुढचा 'टक' पडला तरी मागचा सूर घुमतच असतो. शिवाय ताण एवढा, की तार ओढून ओढून बोटं सोलवटतात.

आमच्या त्रिकुटात ड्रम नाहीत. गिटार, गायिका आणि मी. गंगापूर धरणाकडच्या वायनरीत, कधी कॉलेज रोडवरच्या कॅफेत वाजवतो. 1954 साली मेम्फिसच्या सन स्टुडिओत एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड झाली, तिच्यातही ड्रम नव्हते. ठेक्याची बाजू बिल ब्लॅकचा बेस सांभाळत होता. मला तसाच बेस हवा होता.

हिवाळ्यात आतड्याच्या तारा लावल्या. वरच्या सुरांच्या जी आणि डी तारा नुसत्या आतड्याच्या, खालच्या ए आणि ई वर धातूचं वेटोळं. जाड, मऊ तार बोटात नीट धरता येते, सूर ठसठशीत उमटतो आणि लगेच जागा मोकळी करतो. या आवाजाला आजही तोड नाही. पण जून लागला, हवा ओली झाली आणि दर दोन गाण्यांमागे सूर लावणं आलं. पंचवटीतले आमचे तबलेवाले काका म्हणाले, "अरे, चामडं काय नि आतडं काय, पावसात दोघांचं एकच दुखणं." जी तारेवर बारीक कुसं उभी राहिली. ती नेलकटरने कापायची, ओढायची नाहीत. ओढलं की तार उसवते.

मग स्लॅपसाठीच बनवलेला नायलॉन गाभ्याचा सेट लावला, तो अजून आहे. पावसाळाभर सूर फारसा हलला नाही. आतड्याची ऊब यात थोडी कमी आहे, ई तार जरा बोदी वाटते. पण ताण कमी असल्याने दोन तास वाजवूनही हात शाबूत राहतो. तारा जाड असतात, त्यामुळे नट (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) आणि ब्रिज (तारा पेलणारी घोडी) यांवरच्या खाचा गोल कानशीने रुंद करून घ्याव्या लागतात. खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा. आणि एका वेळी एकच तार बदला. सगळ्या एकदम सोडल्या तर आतला साउंडपोस्ट, म्हणजे लाकडी खुंट, पडू शकतो, तो नुसत्या दाबावर उभा असतो.

तारांइतकंच महत्त्व उजव्या हाताला आहे. बरेच जण तारेवर फटके मारत सुटतात, पण स्लॅपची सुरुवात ओढण्यातून होते. फिंगरबोर्डच्या खालच्या टोकाजवळ तर्जनी आणि मधलं बोट तारेखाली आडवं घाला. टोकाने छेडू नका, बोटाच्या कडेने तार बाहेर खेचा आणि सोडून द्या. ती फिंगरबोर्डवर आपटते, सूर आणि 'टक' एकत्र येतात. नंतर मोकळा पंजा तारांवर पाडायचा, तो नुसता 'टक'. ओढ-टक, ओढ-टक हे मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) मिनिटाला 80 ठोक्यांवर ठेवून घोटा. पंजा मनगटातून पडला पाहिजे, खांद्यातून नाही. हे बसल्यावर ओढ-टक-टक तिस्र अंगाने, म्हणजे एका मात्रेत तीन, घ्या.

तारांची उंची फार कमी ठेवलीत तर बोट खाली शिरतच नाही. माझ्या बेसवर फिंगरबोर्डच्या टोकाशी जी तार 8 मिलिमीटर आहे. याहून वर नेली की डावा हात लवकर दमतो.

आवाज अँप्लिफायरला देणाऱ्या पिकअपमध्ये मॅग्नेटिकला स्टीलच लागतं, म्हणून लाकडाची थरथर टिपणारा पिएझो घ्या. शक्य असेल तर दुसरा पिएझो फिंगरबोर्डखाली बसवा आणि 'टक'चा आवाज वेगळा वाढवा. तारा परदेशातून मागवताना कस्टम ड्युटीही हिशोबात धरा. आणि तुम्ही गजानेही वाजवत असाल तर हा नायलॉनचा सेट घेऊ नका, त्यावर गज नीट धरत नाही.