दोरू की दांव? आधी ताट ठरवा

पोर्तुगालची रेड वाइन घ्यायची म्हटलं की दोन प्रदेशांची नावं हमखास पुढे येतात, दोरू आणि दांव; तिथल्या वाइनही त्याच नावाने ओळखल्या जातात. दोन्हीकडे तुरीगा नासियोनाल या द्राक्षाला मोठा मान. तरी एकीला जे जेवण लागतं ते दुसरीला लागत नाही. नुसती चाखून बघायची असेल तर दोरू चटकन जिंकते. जेवताना मात्र माझं मत ठामपणे दांवला आहे.

दोरू हा मुळात पोर्टचा, म्हणजे ब्रँडी मिसळलेल्या गोड वाइनचा मुलुख. पोर्तुगालचा तेव्हाचा मंत्री, पोंबालचा मार्किस, याने १७५६ मध्येच त्याच्या हद्दी आखून दिल्या. पोर्ट नव्हे अशी इथली साधी रेड जगात गाजली ती फार नंतर. तिची सुरुवात म्हणून १९५२ च्या ‘बार्का वेल्या’ या वाइनकडे बोट दाखवतात. नदीकाठच्या उभ्या उतारांवर पापुद्र्यांचा शिस्ट खडक, उन्हाळा करपवणारा. त्यामुळे वाइन गडद, भारदस्त, अल्कोहोल बहुतेकदा १४ टक्क्यांच्या आसपास, आणि टॅनिन (द्राक्षाच्या साली-बियांतला तुरटपणा) असं की हिरड्या आवळून येतात. हे टॅनिन मांसातल्या प्रथिनांशी बांधलं गेलं की मऊ होतं. म्हणून दोरूला निखाऱ्यावर भाजलेलं, नुसतं जाडं मीठ लावलेलं बीफ हवं, किंवा भट्टीत भाजलेलं करडू. तरुण बाटली असेल तर तासभर आधी जगमध्ये ओतून ठेवा.

दांवची हद्द १९०८ ची. चहूबाजूंनी डोंगर, खाली ग्रॅनाइट, रात्री गार. द्राक्षं सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकवून ठेवतात. जेवणात कामाला येतो तो हाच. शेजारच्या सेर्रा दा इश्त्रेला डोंगरातलं चीज घ्या. मेंढीचं दूध रानटी आर्टिचोकच्या फुलांनी विरजून केलेलं. पिकलं की वरची साल झाकणासारखी कापायची आणि आतला मऊ लगदा चमच्याने पावावर घ्यायचा. इतक्या स्निग्ध घासानंतर दांवचा एक घोट जीभ स्वच्छ करतो. पोर्तुगीज लोक बकाल्याव, म्हणजे खारवलेला कॉड मासा, रेडसोबतही खुशाल खातात. लसूण, बटाटा आणि भरपूर ऑलिव्ह तेलातल्या त्या माशाला दांव शोभते; जास्त टॅनिनच्या दोरूने मात्र तोंड कडवट होण्याची भीती.

गोव्याच्या जेवणासाठी बाटली शोधत असाल तर इथे नीट लक्ष द्या. विंदालूचा पूर्वज म्हणजे वाइन-लसणात मुरवलेलं पोर्तुगीज मांस, पण गोव्यात आल्यावर त्यात नारळाच्या माडीचा व्हिनेगर आणि लाल मिरची आली. मिरचीचा जाळ अल्कोहोलने वाढतो, टॅनिनने तो आणखी टोचतो. व्हिनेगरपुढे कमी आंबट वाइन पाणचट लागते. म्हणून विंदालू किंवा सोरपोतेलसोबत (डुकराच्या मांसाचा आंबट-तिखट रस्सा) महागडी दोरू उघडणं म्हणजे पैसे आणि वाइन दोन्ही वाया. तरुण, लाकडाचा वास नसलेली दांव घ्या आणि अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. आपल्या हवेत ‘खोलीचं तापमान’ म्हणजे तिशीच्या पुढे. रेडला सोळा अंश पुरे. काफ्रियलसोबतही, म्हणजे हिरव्या मसाल्यातल्या कोंबडीसोबतही, हीच.

दक्षिणेकडची आलेंतेजो राहिली. उन्हात पिकलेली, मऊ, फळांनी भरलेली. घरात कोणी पहिल्यांदाच रेड घेणार असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. चोरीस-पावासोबत ती रंगते, फक्त फार आंबट रश्श्यापुढे पडते.

खर्चाचं म्हणाल तर त्याच दर्जाची दांव बऱ्याचदा दोरूपेक्षा स्वस्त मिळते, कारण तिचं नाव कमी झालंय. एकच बाटली घ्यायची आणि मेन्यू अजून ठरलेला नाही, तर दांव. बेत मिरची-व्हिनेगर नसलेल्या भाजक्या मटणाचा पक्का असेल, तर बेलाशक दोरू.