उधारीच्या ॲपला रूम बरं की फायरस्टोअर?

दुकानदारांसाठी उधारीचं अँड्रॉइड ॲप करताना मी तिन्ही प्रकार (हाताने रिफ्रेश, फोनमध्येच डेटा ठेवणारं रूम, आणि गूगलचा ऑनलाइन डेटाबेस फायरस्टोअर) करून बसलोय, त्यामुळे स्क्रीनवरचा आकडा आणि डेटाबेसमधला आकडा जुळता कसा ठेवायचा असं कोणी विचारलं की मी आधी उलट विचारतो, वही किती फोनांवर उघडणार?

हाताने रिफ्रेश करणं सगळ्यात सोपं, सेव्ह झालं की लिस्ट परत लोड करायची. दोन स्क्रीनचं ॲप असेल तर बिनधास्त करा. माझ्याकडे तोच आकडा तीन जागी होता, मग २५० रुपये जमा केले की गिऱ्हाईकाच्या पानावर बाकी बदलायची आणि वरचं एकूण येणं जिथल्या तिथे. दुकानदार लगेच कॅल्क्युलेटर काढतो हो.

एकच फोन असेल तर रूम घ्या, डोळे झाकून. क्वेरीतून (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नातून) फ्लो, म्हणजे नवा निकाल आला की कळवत राहणारा प्रवाह, परत करायचा, स्क्रीन तो ऐकत बसते, टेबल बदललं की क्वेरी आपोआप परत चालते. फक्त हे लक्ष टेबलावर असतं, ओळीवर नाही. म्हणजे एका गिऱ्हाईकाचं पान उघडं असताना दुसऱ्याची एंट्री पडली तरी तुमची क्वेरी पळते आणि तोच निकाल परत येतो, म्हणून तोच तो निकाल गाळणारं डिस्टिंक्टअनटिलचेंज्ड लावून टाका. आणि लिहिताना रूममधूनच लिहा. मी इम्पोर्टसाठी एसक्यूलाइटचं (रूमच्या खालचा मूळ डेटाबेस) वेगळं कनेक्शन उघडलं होतं, डेटा गेला व्यवस्थित पण रूमला पत्ताच नाही, लिस्ट जुनीच.

दुकानात बाप आणि घरी मुलगा, दोघांनाही तीच वही हवी असेल तर मात्र फायरस्टोअर. लिसनर (बदल ऐकत राहणारा कोड) लावला की एकाने टाकलेलं दुसऱ्याला दिसतं, आणि नेट नसलं तरी अँड्रॉइडवर लोकल कॅश (फोनमधली प्रत) मुळातच चालू असते, एंट्री लगेच लिस्टमध्ये येते. इथेच मी मार खाल्ला. सेव्हच्या कोडमध्ये अवेट (काम पूर्ण होईपर्यंत थांब, असं सांगणं) होतं, आणि सर्व्हरने होकार दिल्याशिवाय ते सुटतच नाही, मग रेंज नसलेल्या दुकानात एंट्री मागच्या लिस्टमध्ये आलेली आणि पुढे चक्र फिरतंय फिरतंय, दुकानदार बॅक दाबून तीच एंट्री परत टाकतो, रेंज आली की दोन्ही सर्व्हरवर! आता मी थांबतच नाही, हॅजपेंडिंगराइट्स (एंट्री सर्व्हरवर जायची बाकी आहे, ही खूण) खरं असेल तोवर एंट्रीशेजारी छोटं घड्याळ दाखवतो. ट्रान्झॅक्शनही (आधी आकडा वाचून मग लिहिणं) ऑफलाइन चालत नाही, बाकी बदलायला इन्क्रिमेंट (न वाचता थेट आकडा वाढवणं-घटवणं) वापरा.

दुसरं दुखणं बिलाचं. फुकटात दिवसाला ५०,००० रीड्स (वाचलेली प्रत्येक नोंद म्हणजे एक रीड), तेही पूर्ण प्रोजेक्टला मिळून. ४०० गिऱ्हाईकांची लिस्ट नव्याने उघडली की ४०० रीड्स, आणि लिसनर ३० मिनिटांपेक्षा जास्त तुटलेला राहिला की परत पहिल्यापासून मोजणी, म्हणजे सगळी दुकानं धरून १२५ वेळा उघडलं की संपलं. लिस्टला लिमिट लावा.

काहीजण दोन्ही घेतात, फायरस्टोअरचं आणून रूममध्ये ओततात. जड रिपोर्ट हवे असतील तर ठीक, पण मग स्क्रीनने फक्त रूमकडेच बघायचं. अर्धी लिस्ट इकडून आणि एकूण तिकडून असं केलंत तर ते २५० पुन्हा हरवणार.