गंगापूर बॅकवॉटरची थंडीतली स्विमिंग बॅच: कोच भारी, सोय शून्य

डिसेंबरातली नाशिकची थंडी आणि त्यात सकाळी सकाळी गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला उतरायचं, आई म्हणाली डोकं फिरलंय का तुझं. पण कोच एक नंबर, उडी अजिबात मारू देत नाहीत, आधी तोंड-मान ओली करा मग हळूहळू आत, कारण गार पाण्यात पहिली एक-दोन मिनिटं आपोआप धाप लागते, तेव्हा पोहायला जायचं नाही, नुसतं तरंगायचं आणि लांब श्वास सोडत राहायचा. कमरेला केशरी फ्लोट (पाण्यावर तरंगणारा फुगा) कंपल्सरी, शेजारी कयाक (वल्ह्याची छोटी होडी). खरी हुडहुडी बाहेर आल्यावर भरते (अंग नंतरही गार होत राहतं ना) आणि नेमकी तिथेच यांची बोंब, कपडे बदलायला साधा आडोसा नाही, चहाचा तर पत्ताच नाही. थर्मास आणि कानटोपी घरून न्या.